ब्रियांदाचं गाढव

ब्रियांदाच्या बापाची, तोरिब्योची, बुर्गोस शहराच्या बाजारात गाढवावरून धिंड निघाली तेव्हा ती नुकती न्हातीधुती झाली होती. बापाला कमरेपर्यंत उघडा केला होता, गळ्यात मेंढ्याची शिंगं बांधली होती आणि दवंडीवाला ओरडत चालला होता, "वाल्देपेरालचा तोरिब्यो, मेंढाचोर, बघून घ्या." लोक बघून घेत होते. कुणी सडका कोबी मारला, कुणी नुसतंच हसलं. ब्रियांदा गर्दीतनं वाट काढत गाढवाच्या मागंमाग चालत राहिली. बापाला टाकून जायचं कुठं?

चोरी काय झाली होती, तेही सांगतो. थंडी पडायच्या आधी मेंढरं दक्षिणेकडं उतरतात. त्या साली बेर्मुदो शेटचा कळप मेंढवाट सोडून तोरिब्योच्या नाशपातीच्या बागेत घुसला. मेंढक्यांनी वळवला नाही. मेंढरांनी कोवळ्या झाडांच्या साली पार खोडापर्यंत सोलून खाल्ल्या. तोरिब्योनं आमच्या डोंगरातली जुनी रीत पाळली. एक मेंढा कोंडला आणि निरोप धाडला, नुकसान भरा नि मेंढा न्या. बेर्मुदो शेट भरायला आला नाही, शपथ घ्यायला गेला. बायबलावर हात ठेवून म्हणाला, माझा मेंढा चोरला. न्याय करणारा माणूसही मेंढरंवालाच होता. झालं.

तोरिब्यो चमचे कोरायचा. नाशपातीचं, बॉक्सच्या झुडपाचं, मिळेल ते लाकूड. त्याच्यासारखा बोलका माणूस पंचक्रोशीत नव्हता. दारूच्या गुत्त्यात बसला की अख्खा गुत्ता पोट धरून हसायचा. धिंडीवरून घरी आला, तिवई उचलली, भिंतीकडं तोंड करून मांडली आणि बसला. जेवायचा, झोपायचा, पण उंबरा ओलांडायचा नाही. रविवारी चर्चला जाईना म्हणून पाद्री घरी येऊन शिव्या देऊन गेला, तरी मान वळवली नाही. साल गेलेली झाडं वाळली, तोडली, चुलीत गेली. एक बुंधा तेवढा राहिला.

ब्रियांदा त्याच्या पाठीला म्हणाली, "आबा, त्याची बी धिंड काढीन. तुमी जित्तं असताना. तुमच्या डोळ्यांनी बघाल."

पाठ काही बोलली नाही. आबा भिंतीला टेकून संपायच्या आत हे झालं पाहिजे, एवढी एकच गोष्ट मग तिच्या डोक्यात राहिली. बाकी लग्न म्हणा, पोरंबाळं म्हणा, कुणी विषय काढला की ती चाकूला धार लावायला घ्यायची.

मी पास्कुआल, शेजारच्या गावचा. बुर्गोसला मास्तर एबरहार्तच्या छापखान्यात शाई लावायचो. दोन्ही हातांत कातड्याचे गोळे, जवसाच्या तेलात घोटलेली काजळी, दिवसभर थप् थप्. ब्रियांदा आमच्या दाराशी चमचे विकायला आली. मास्तर जर्मन माणूस, तोडकंमोडकं बोलायचा. त्यानं एक चमचा हातात घेतला. दांड्याच्या टोकाला एवढंसं कुत्रं कोरलेलं, कान खाजवत बसलेलं. मास्तरनं कुत्र्याकडं बघितलं, मग तिच्याकडं.

"हे तू?"

"नाय, कुत्र्यानं सवताच कोरलं."

मास्तर हसला नाही. आत गेला, नाशपातीची एक फळी आणि चाकू आणून तिच्यासमोर ठेवला. "माणूस काढ."

उन्हं उतरायच्या आत तिनं माणूस काढला. दुसऱ्या दिवसापासून खिडकीजवळची बैठक तिची झाली; गावी बापाचं जेवणखाण शेजारीण बघायची. कोरायची अक्कल तिला बापाकडून आलेली. उलटं बघायची अक्कल मास्तरनं दिली, कारण लाकडावर जे डावं ते कागदावर उजवं येतं. रेघ ठेवायची आणि रेघेच्या दोन्ही बाजूंचं मांस काढून टाकायचं. हे काम तिला इतकं आवडायचं की बघणाऱ्याला जरा भीतीच वाटावी.

छापखान्यातलं एक सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चित्राचे ठसे आम्ही एका पुस्तकापुरते करत नसू. भिंतीवरच्या फळीवर माणसं वेगळी, बायका वेगळ्या, झाडं वेगळी, बुरूज वेगळा. सगळ्यांची उंची एकच. जे लागेल ते उचलायचं, शेजारी शेजारी चौकटीत ठोकायचं, वर शिशाच्या अक्षरखिळ्यांनी नाव जुळवायचं. हातात फूल घेतलेला एक तरणाबांड गडी होता. प्रेमाच्या पुस्तकात तो आशिक, औषधाच्या पुस्तकात वैद्य, आणि एका फार्सात पाद्र्याचा भाचा. वाचणाऱ्यांनाही सवय होती. मास्तर म्हणायचा, "लाकूड हे लाकूड. काल राजा, आज न्हावी. नाव वर, माणूस खाली."

ब्रियांदानं हे ऐकलं तेव्हा तिचा चाकू थांबला होता, एवढं मला आठवतं.

अशी काही वर्षं गेली. आणि एका सकाळी बेर्मुदो शेट आमच्या दारात उभा राहिला.

आता तो नुसता लोकरीचा शेट नव्हता, नगरसभेत बसायचा. पोट पुढं, खालचा ओठ म्हशीसारखा लोंबता, आणि डाव्या भुवईला मधोमध खाच. लहानपणी कुणा मेंढक्याच्या गोफणीचा दगड लागला होता म्हणे. असं तोंड परमेश्वर एकदाच बनवतो. त्याला बुर्गोसच्या संत लेस्मेसचं चरित्र छापायचं होतं, आणि पहिल्याच पानावर संताच्या पायाशी गुडघे टेकून, हात जोडून बसलेला तो स्वतः पाहिजे होता.

मास्तरनं ब्रियांदाकडं बोट केलं. "हिच्यासमोर बसा."

लोकरीचं पोतं पसरलं आणि शेट त्यावर गुडघे टेकून बसला. ब्रियांदानं फळी मांडीवर घेतली. मी शाई घोटत होतो, पण माझे कान तिकडंच.

"पोट जरा कमी घे गं पोरी."

"घेते की मालक. दोन बोटं घेऊ का तीन?"

"तीन. आणि भुवई सारखी कर."

"भुवई ऱ्हाऊ द्या, मालक. संताला बी कळाया पायजे कोण आलंय ते. न्हाईतर शेजारच्याला पुण्य लागायचं."

शेटला हे पटलं. जरा वेळानं त्यानं विचारलं, "कुठली तू?"

"डोंगराकडली."

"डोंगरात लई चोर."

"असत्याल. मान जरा वर घ्या, मालक. हनवटीखाली अंधार पडतोय."

दुपारी आम्ही पाव आणि मेंढीचं चीज खायला नदीकाठी बसलो. बापाची कथा तिनं मला कधीच सांगितली होती. मी म्हणालो, "तुझ्या जागी मी असतो तर लाकडावर त्याचं नाक उडवलं असतं."

"गप रं. नाक उडवल्यावर त्यो वळखू कसा यील?"

"मग काय, देखणा करणार?"

"त्याच्या आईनं बी केला नसंल असा करणार हाय."

मला वाटलं, हिचं सगळं विझलं. शहरात राहून माणूस मवाळ होतो. मी चीज संपवलं.

एक गोष्ट मात्र तिनं शेटकडून पदरात पाडून घेतली. "संत येगळ्या लाकडावर कोरते, मालक. दोघं एकाच फळीत घातलं तर फळी चिरंल, आणि चीर नेमकी तुमच्या तोंडावरनं जायची." शेटनं तोंडाला हात लावला आणि म्हणाला, वेगळं कर. एका ठशावर गुडघे टेकलेला बेर्मुदो, दुसऱ्यावर संत लेस्मेस. शेजारी ठोकले की पायाखालची जमीन एक व्हायची, गवताच्या काड्यासुद्धा जुळायच्या. शेटच्या डोक्यावर खिळ्यांनी त्याचं नाव लावलं, संताच्या डोक्यावर संताचं.

पुस्तक झालं. काय चित्र होतं ते. भुवईची खाच, ओठ, जोडलेल्या हातांवरचे केससुद्धा. शेट पानाला नाक लावून बघत राहिला. मग मास्तरनं, सरळ माणूस तो, विचारलं, "ठसा नेता?"

आमच्याकडं अशी चाल आहे की गिऱ्हाईक पुस्तकं नेतं, ठसा छापखान्यात राहतो. मागितला तर द्यायचा. शहाणी माणसं मागतात. बेर्मुदो शेट म्हणाला, "राहू द्या इथंच. आणखी कुठल्या पुस्तकात जागा मोकळी असली, तर मला बसवा की. माझी ना नाही."

हे त्यानं आम्हा सगळ्यांच्या देखत म्हटलं. ब्रियांदा खाली वाकून लाकडाचा भुगा झाडत होती. तिनं मान वर केली नाही. नुसती झाडत राहिली, तीच ती जागा.

पुढं वर्षभर शेटनं काय केलं, तर ते पहिलं पान शहरभर पसरवलं. चर्चच्या दाराशी, नगरसभेत, गिरणीवर, लोकरीच्या वखारीच्या दरवाजावर. ज्याला अक्षर येत नव्हतं त्यालाही ते चित्र बघून कळायचं, हा बेर्मुदो शेट. शहरातलं शेंबडं पोरही गुडघे टेकून, ओठ लोंबवून त्याची नक्कल करायला लागलं.

"बघ," ब्रियांदा मला म्हणाली. "मला शंभर वर्सं लागली असती. त्यानं सवताच केलं."

"काय केलं?"

"तोंड वाटलं गावभर."

थंडीच्या तोंडाशी, डुक्कर कापायच्या दिवसांत ती आईच्या पुण्यतिथीला गावी गेली आणि येताना त्या नाशपातीच्या बुंध्यातला एक तुकडा घेऊन आली. त्याची फळी केली, बाकीच्या ठशांच्या उंचीची, अगदी नखभर इकडं तिकडं नाही. त्यावर गाढव कोरलं. पाठमोरं. शेपूट उचललेलं, ढुंगण आपल्याकडं, आणि पार टोकाला दोन कान. दुसऱ्या तुकड्यावर गाल फुगवून ओरडणारा दवंडीवाला. गाढवाच्या पायाखाली तेच गवत, त्याच काड्या. मास्तरनं विचारलं तर म्हणाली, "गाढव कुठं बी लागतंय."

"खरं," मास्तर म्हणाला, आणि फळीवर झाडांच्या शेजारी गाढव ठेवून दिलं. लपवलं वगैरे काही नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ते गाढव तिथं उभं होतं. ती रोज त्याच्यासमोर बसून कामं करायची, राण्या कोरायची, देवदूत कोरायची. घाई केली नाही. चाकू हातात धरून नुसतं बसून राहायची ताकद आमच्यात कुणात नव्हती, ती तिच्यात होती.

कार्निव्हल, म्हणजे ईस्टरचे उपास लागायच्या आधीचा धिंगाणा, जवळ आला. त्या दिवसांत दुमडलेल्या एका कागदाचे फार्स मीठ-भाकरीसारखे खपतात. सालामांकाच्या कुणा विद्यार्थ्यानं एक लिहून पाठवला होता. एक चोर गाढवाला संत समजून त्याच्या मागं प्रार्थना करत बसतो आणि पकडला जातो, असलं काहीतरी वात्रट. मास्तरला चित्र पाहिजे होतं आणि नवं कोरायला वेळ नव्हता.

"बघ, फळीवर काय आहे," तो म्हणाला.

ब्रियांदा उठली. गुडघे टेकलेला माणूस उचलला. गाढव उचललं. दवंडीवाला उचलला. शेजारी शेजारी ठेवले आणि अंगठ्यानं दाबले. गवताला गवत जुळलं. संताच्या जागी गाढवाचं ढुंगण आलं, आणि भुवईला खाच असलेला माणूस हात जोडून, भक्तिभावानं, शेपटाखाली बघत बसला.

माझ्या हातातला शाईचा गोळा खाली पडला.

मास्तर ठशांवर वाकला. "हा शेट ना?"

"लाकूड हाय, मास्तर. काल राजा, आज न्हावी."

"ते मी म्हणतो."

"तुमीच म्हणता, म्हणून तर. आणि शेट बी म्हणालेला, जागा मोकळी असली तर बसवा. तुमी हुतासा की हितं."

मास्तरनं दाढी खाजवली. तो भित्रा नव्हता, पण नगरसभेशी वाकडं कुणाला परवडतं. तरी त्याची नजर पुन्हा पुन्हा त्या गवताकडं जात होती. इतका नेमका जोड त्यानं जन्मात बघितला नसावा. "वर नाव काय?" त्यानं विचारलं.

"चोराला नाव कशाला? नुसतं 'चोर' लावा."

मी शाई लावली. आयुष्यात इतक्या मनापासून कधी लावली नाही.

आंधळे गायक कागद विकतात आमच्याकडं, काठीच्या टोकाला लटकवून, गाणं म्हणत. त्यांना चित्र दिसत नव्हतं आणि बघणारे का असे फुटून हसताहेत तेही कळत नव्हतं. त्यांना वाटलं आपण झकास गातोय. दुपारपर्यंत गठ्ठे संपले. पुन्हा छापले, पुन्हा संपले. कासवाच्या चालीनं जाणारे खेचरवाले ते कागद घेऊन वायादोलिदला, तोलेदोला गेले.

पण खरी मजा पुढं, उपासाच्या दिवसांत झाली. बेर्मुदो शेट चर्चमध्ये आला, नेहमीसारखा पुढं गेला, गुडघे टेकले, हात जोडले. मागच्या बाकावरून कुणीतरी अगदी हळू गाढवासारखं ओरडलं. नुसतं एकदा. बायकांनी डोक्यावरचे रुमाल तोंडाशी धरले. पाद्र्यानं मान खाली घातली ती वर काढलीच नाही, खांदे तेवढे हलत होते. शेट उठून उभा राहिला. उभा राहिला तरी लोक हसत होते, कारण आता तो कधी गुडघे टेकतो याची वाट बघत होते. पुढच्या रविवारी तो शेवटच्या खांबाआड उभा होता. त्याच्या पुढच्या रविवारी आला नाही. नगरसभेतली खुर्चीही रिकामी राहायला लागली.

मग एक दिवस आला आमच्याकडं. ओठ आणखी खाली आला होता.

"माझा ठसा द्या," मास्तरला म्हणाला. "आणि हा अपमान कुणी केला ते सांगा. मी कोर्टात खेचीन."

मास्तर काही बोलायच्या आत ब्रियांदा पुढं आली. हातात चाकू होता, पण तो कामाचा.

"कसला अपमान, मालक? तिथं तुमचं नाव कुठंय? तिथं तर 'चोर' लिवलंय. कोर्टात जाऊन सांगणार का, त्यो चोर म्हंजे मीच म्हणून? न्यायाधीश लिहून घील."

शेटनं तिच्याकडं नीट बघितलं, पहिल्यांदाच बघितलं. "तू कोण?"

"वाल्देपेरालच्या तोरिब्योची लेक. ज्यानं तुमचा मेंढा कोंडला हुता."

"कुठला मेंढा?"

ते नाटक नव्हतं. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. त्याला खरंच आठवत नव्हतं. एका माणसाचं आयुष्य भिंतीकडं तोंड करून गेलं आणि ज्यानं ते केलं त्याच्या डोक्यात तो मेंढा राहिलासुद्धा नव्हता. ब्रियांदानं हातातला चाकू पालटून धरला. मला वाटलं, आता चाकू चालतो.

"आठवंल," ती म्हणाली. "आता येळच येळ हाय तुमाला. बसा घरात आन आठवा."

मास्तरनं ठसा काढून दिला. शेटनं तो आमच्याच शेगडीत घातला आणि पार राख होईपर्यंत उभा राहिला. तेलाची शाई मुरलेलं लाकूड, चांगलं फडफडून जळलं. ब्रियांदानं शेकायला हात पुढं केले.

"थंडी लई हाय," ती म्हणाली.

ईस्टरला मी आणि ती एकाच खेचरगाडीनं गावी गेलो. तिच्या पिशवीत तो फार्सचा कागद होता. आणि आदल्याच दिवशी सेव्हिल शहरातून आलेला दुसराही. तिथल्या कुणा छापखान्यानं आमचा कागद लाकडावर चिकटवून तसाच कोरला होता. तसं केलं की चित्र उलटं येतं, म्हणून तिथला बेर्मुदो उजवीकडून डावीकडं बघत होता. भुवईची खाच दुसऱ्या बाजूला गेली होती, गाढव तेच. आणखी कुठंकुठं कोरला जात होता देव जाणे. शेटनं एक जाळला होता.

तोरिब्यो तिवईवर होता, भिंतीकडं तोंड करून. मानेची कातडी सैल पडली होती, मनगटं काटक्या झाली होती. ब्रियांदानं कणकेची खळ केली, कागदाच्या मागं लावली आणि त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीवर कागद चिकटवला. त्याला बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

चुलीवर लसणीचं सार उकळत होतं. मी दाराशी उभा. म्हातारा बघत राहिला. आधी त्याचं बोट भुवईच्या खाचेवर गेलं. मग लोंबत्या ओठावर. मग शेपटावरून सरकत सरकत पार टोकाला, कानांवर जाऊन थांबलं.

"कान आखूड झालंत," तो म्हणाला.

आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आला. ब्रियांदा सारातली पळी घेऊनच वळली.

"काय म्हणालात, आबा?"

"त्या दिसाच्या गाढवाचं लांब हुतं. लई लांब. मला दुसरं काय दिसत हुतं?" त्यानं तिवई अर्धवट वळवली आणि पोरीकडं बघितलं. "डाव्या कानाला फाट हुती. ती बी न्हाई काढलीस."

"ध्यानात न्हाई आली."

"आता काढ." आणि मग, कागदाकडं हनवटी करून, "ह्यो भाड्या अजून जित्ता हाय का?"

"जित्ता हाय. भायेर पडत न्हाई."

"मरू दिऊ नगंस इतक्यात," म्हातारा म्हणाला. "सार आण."

तो उंबऱ्यापर्यंत आला, तिथं वाटी घेऊन बसला. पाय बाहेर, अंग आत. रस्त्यानं जाणारा कुणी थबकला तर त्याच्याकडं सरळ बघून सार भुरकायचा. ब्रियांदा परसात गेली आणि जुन्या बुंध्याला करवत लावली. गाढव तर नव्यानं कोरायचंच होतं. बेर्मुदोही पुन्हा कोरायचा होता, पण त्याला समोर बसवायची गरज नव्हती. ते तोंड मिटल्या डोळ्यांनीसुद्धा कोरता यावं इतकं तिच्या हातात बसलं होतं.